उत्तरकाशीत गिर्यारोहणाचे प्राथमिक शिक्षण घेताना

सह्याद्रीत काही वर्षे मनापासून भटकंती केलेल्या माणसाला ‘बेसिक केलंस का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. ‘बेसिक’ म्हणजे गिर्यारोहणाचा २८ दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम. तो पूर्ण केलेल्या व्यक्तीला हिमालयातल्या मोहिमेत घेताना आपल्याकडची मंडळी निर्धास्त असतात, आणि म्हणूनच दरवर्षी महाराष्ट्रातली कितीतरी मुले-मुली दार्जिलिंग, मनाली किंवा उत्तरकाशीची वाट धरतात. मी हा अभ्यासक्रम उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘निम’मध्ये केला. त्याविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात बर्फ, हिमनदी आणि उंची यांनाच बहुतेक जागा मिळते, आणि ते स्वाभाविकही आहे. तरीही मला सांगायचे आहे ते थोडे वेगळे आहे. या शिक्षणाचा मोठा भाग त्या लहानशा डोंगरी शहरात, भोवतालच्या कड्यांवर आणि नदीकाठच्या रस्त्यांवर घडतो, आणि उत्तरकाशीकडे केवळ गाडी बदलायचे ठिकाण म्हणून पाहणारा विद्यार्थी त्या भागाला मुकतो.

प्रवेशासाठी अर्ज, वैद्यकीय तपासणीचा दाखला आणि शुल्क या गोष्टी सरळ असतात. वेळ लागतो तो जागा मिळण्यास. अभ्यासक्रम पावसाळ्याच्या आधी आणि नंतर अशा दोन हंगामांत होतात आणि जागा फार आधीपासून भरत जातात, त्यामुळे अर्ज केल्यानंतर हाती जो काळ राहतो तो तयारीसाठी वापरावा हे उत्तम. मी साताऱ्याचा असल्यामुळे अजिंक्यतारा घराजवळच होता. पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक पाठीवर घेऊन पहाटे गड चढणे, उतरणे आणि आठवड्यातून काही दिवस धावणे एवढाच माझा व्यायाम होता, आणि तो पुरेसा ठरला. तयारी करणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे की, वेगापेक्षा ओझे घेऊन सलग चालण्याची सवय करावी, कारण तिथे वेगाचे कौतुक फार थोड्या वेळा होते आणि ओझे मात्र रोज पाठीवर असते.

साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून हरिद्वार आणि ऋषिकेश, आणि ऋषिकेशहून पुढे डोंगरातला रस्ता असा माझा प्रवास झाला. नरेंद्रनगर आणि चंबा मागे टाकून गाडी उतरू लागते तसा टिहरी धरणाचा जलाशय दिसू लागतो. भागीरथी आणि भिलंगना यांच्या संगमावरचे जुने टिहरी शहर या पाण्याखाली गेले. कोयनेच्या जलाशयाकाठी वाढलेल्या नातलगांकडून विस्थापनाच्या हकिकती ऐकलेल्या माझ्यासारख्याला त्या निळ्या पाण्याकडे नुसते सुंदर म्हणून पाहणे जमले नाही. चिन्यालीसौडपर्यंत जलाशयाची सोबत असते. पुढे धरासूला यमुनोत्रीचा रस्ता फुटतो. याच रस्त्यावरच्या सिलक्यारा बोगद्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये ४१ कामगार १७ दिवस अडकून पडले होते आणि सर्वच्या सर्व सुखरूप बाहेर आले. धरासूनंतर दरी आवळत जाते, भागीरथी रस्त्याच्या जवळ येते आणि एका वळणानंतर नदीच्या दोन्ही काठांवर दाटीवाटीने वसलेले उत्तरकाशी समोर येते.

पहिल्यांदा येणाऱ्या मराठी माणसाला एक गोष्ट अनपेक्षित वाटते. हे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही खाली. महाबळेश्वर पठाराच्या माथ्यावर आहे आणि तिथून माणूस खाली दऱ्यांकडे पाहतो. उत्तरकाशी दरीच्या तळाशी आहे आणि तिथे मान सतत वर करावी लागते. बाजारातल्या कुठल्याही चौकात उभे राहिले तरी चारही बाजूंना उभे चढ दिसतात, त्यांवर शेतांच्या पायऱ्या आणि त्यांच्याही वर पाइनची राने. शहराचे जुने नाव बाराहाट. काशी विश्वनाथाचे मंदिर, त्याच्या समोरच शक्तिमंदिरातला प्राचीन लेख कोरलेला उंच त्रिशूळ, मणिकर्णिका घाट, वरुणा आणि असी या नावांच्या नद्या अशी वाराणसीची सगळी खूण इथे भागीरथीच्या काठावर उमटलेली आहे. उत्तरकाशी हा स्वतंत्र जिल्हा झाला १९६० साली, आणि गंगोत्री व यमुनोत्री ही दोन्ही धामे याच जिल्ह्यात येतात. यात्रेच्या दिवसांत रस्ते गाड्यांनी भरून जातात; यात्रा थांबली की शहर पुन्हा आपल्या मूळच्या चालीवर येते, आणि मला ते त्या दुसऱ्या रूपात जास्त पाहायला मिळाले.

संस्था १९६५ साली, पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ स्थापन झाली. तिचा परिसर गावाच्या गजबजाटापासून दूर, नदीपलीकडच्या लदाडीच्या पाइनच्या रानात आहे. पहिल्या दिवशी नोंदणी आणि वैद्यकीय तपासणी झाली, मग भांडारातून साहित्य वाटण्यात आले. सॅक, झोपण्याची पिशवी, हार्नेस म्हणजे कमरेला बांधायचा पट्टा, कॅरॅबिनर म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, हेल्मेट, बर्फावरचे कडक बूट, त्यांखाली बांधायचे दातेरी क्रॅम्पॉन आणि बर्फात वापरायची कुऱ्हाड म्हणजे आइस अ‍ॅक्स अशी एकेक वस्तू घेताना तिचे नाव मोठ्याने म्हणायचे, ती तपासून पाहायची आणि सही करायची. संध्याकाळपर्यंत सर्वांच्या ‘रोप’ ठरल्या. रोप म्हणजे एका दोराला बांधली जाणारी तुकडी. जेवण, तंबू, कामाच्या पाळ्या, चढाई हे सर्व त्या तुकडीने मिळून करायचे असते. माझ्या रोपमध्ये गढवालचा एक कॉलेजचा विद्यार्थी होता, लष्करातला एक जवान होता, बंगालमधला एक शिक्षक होता आणि नाशिककडचा एक मुलगा होता. आम्हा दोघांना मराठी बोलण्याची फार ओढ असे, पण रोपमध्ये सर्वांना समजेल असेच बोलायचे हा नियम आमच्या प्रशिक्षकांनी पहिल्या रात्रीच घालून दिला आणि त्याचे कारणही सांगितले. कड्यावर असताना एखादा शब्द कुणाला कळला नाही तर त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.

पहाटेची धाव, कवायत, चहा, न्याहारी आणि मग रांगेने टेखल्याकडे प्रयाण अशी पहिल्या टप्प्यातली दिनचर्या होती. टेखला हे गंगोत्रीच्या रस्त्यावरचे प्रस्तरारोहणाचे क्षेत्र. पाठीवर दोर आणि डोक्यावर हेल्मेट असलेली आमची रांग नदीकाठाने जाऊ लागली की शाळेत निघालेली मुले थांबून नमस्ते म्हणत आणि दुकाने उघडणारी माणसे कुठल्या तुकडीची माणसे आहेत ते विचारत. या शहराला गिर्यारोहणाचे विद्यार्थी पाहण्याची सवय आहे, किंबहुना इथल्या अनेक घरांतली माणसे या ना त्या नात्याने डोंगरांवरच काम करतात. कुणी वाटाड्या आहे, कुणी स्वयंपाकी, कुणी सामान वाहणारा. बचेंद्री पाल यांचे नाकुरी हे गाव इथून जवळच आहे. २३ मे १९८४ रोजी त्या एव्हरेस्टवर पोहोचल्या, तिथे पोहोचणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या, आणि त्यांचेही शिक्षण याच संस्थेत झालेले. चहाच्या टपरीवर त्यांचा उल्लेख गावातल्या मोठ्या बहिणीचा करावा तसा होतो.

टेखल्याच्या पहिल्या दिवसांत कुणीही फारसे उंच चढले नाही. आधी गाठी. आपल्याकडे कडे चढलेल्या मुलांना हा भाग कंटाळवाणा वाटेल असा माझा समज होता, पण नाशिकचा तो मुलगाच त्यात सर्वांत जास्त रमला. आठाची गाठ मारताना दोराचा आठ घालायचा, शेंडा हार्नेसमधून ओवून त्याच वाटेने उलटा फिरवायचा, दोन्ही पदर कुठेही एकमेकांवर न चढता शेजारी-शेजारी बसले पाहिजेत, आणि उरलेला शेंडा वीतभर तरी हवा. मग प्रत्येक पदर वेगळा ओढून गाठ आवळायची. हे उघड्या हाताने जमले की हातमोजे घालून, तेही जमले की डोळे मिटून. आमचे प्रशिक्षक समोर येऊन काही न बोलता गाठीवरून अंगठा फिरवत, आणि एखादा पदर दुसऱ्यावर चढलेला लागला की गाठ पूर्ण सोडून पुन्हा बांधायला लावत. चढलेल्या पदराने गाठ लगेच सुटत नाही हे आम्हाला माहीत होते. त्यांनाही ते माहीत होतेच. त्यांचे म्हणणे असे की, गाठ नीटस असली तर दुसऱ्याला ती एका नजरेत तपासता येते, आणि थकलेल्या, थंडीने बधिर झालेल्या माणसाची गाठ नेहमी दुसऱ्यानेच तपासायची असते.

त्यानंतर चढाई सुरू झाली. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन ठिकाणी पकड पक्की असल्याखेरीज चौथे हलवायचे नाही, पाहायचे पायांकडे आणि भार टाकायचा पायांवर, हे तत्त्व आपल्याकडेही शिकवतात. इथे फरक होता तो पुनरावृत्तीचा. तोच सोपा चढ आधी साध्या बुटांत, मग बर्फावरच्या जड बुटांत, मग सॅक घेऊन करायचा. भेगांमधून चढणे, चिमणी म्हणजे अंग मावेल एवढ्या उभ्या फटीतून चढणे, कडेला धरून तिरपे ओढत जाणे, झुमार या दोराला पकडणाऱ्या साधनाने वर जाणे आणि रॅपलिंग करत म्हणजे दोरावरून उतरत खाली येणे या साऱ्या प्रकारांत चढणाऱ्याइतकेच लक्ष खाली उभ्या राहून दोर सांभाळणाऱ्यावर दिले जाई. आधी स्वतःला अँकर करायचे म्हणजे पक्क्या आधाराला बांधून घ्यायचे, कॅरॅबिनरचा स्क्रू बंद झाला आहे हे बोटाने दाबून पाहायचे, मग जोडीदाराने तेच पाहायचे, मग आवाज द्यायचा, आणि उत्तर आल्याखेरीज कुणी हलायचे नाही. “जल्दी किस बात की है? पहाड़ कहीं नहीं जा रहा,” असे आमचे सर दिवसातून अनेकदा म्हणत. सह्याद्रीत एका दिवसात किल्ला करून रात्रीची गाडी गाठण्याची आम्हा नोकरदारांना सवय लागलेली असते, आणि ती सवय मोडण्यासाठी टेखल्यातले ते संथ दिवस मला अत्यंत मोलाचे वाटतात.

मधल्या सुट्टीच्या दिवशी मी शहर पाहिले. बसस्थानकाच्या मागे उभा असलेला वरुणावत पर्वत हा या शहराचा देव आहे आणि धोकाही. सप्टेंबर २००३ मध्ये या पर्वताचा एक भाग खचू लागला आणि दरड थेट बाजारपेठेवर आली. अनेक इमारती ढिगाऱ्याखाली गेल्या आणि मोठ्या वस्तीला घरे सोडावी लागली. नंतर तो उतार पायऱ्यापायऱ्यांनी कापून, जाळ्या आणि भिंती घालून बांधून काढण्यात आला. ते काम खालून स्पष्ट दिसते. एका दुकानदार काकांनी मला दुकानाबाहेर नेऊन दगड कुठून कुठे आले ते बोटाने दाखवले, आणि पावसाळ्यात रात्री पाऊस वाढला की आजही अनेक घरांतली माणसे अंथरुणावर उठून बसतात असे सांगितले.

त्याच्याही आधीचे दुःख १९९१ चे. २० ऑक्टोबर १९९१ च्या पहाटे तीनच्या सुमारास ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि साडेसातशेहून अधिक माणसे दगावली. माणसे झोपेत होती आणि दगडी भिंती व जड छपरे त्यांच्यावर कोसळली. मी हे ऐकत असताना साहजिकच किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, तीच झोपेची वेळ आणि तशाच दगडमातीच्या भिंती. किल्लारीचा प्रदेश भूकंपाचा मानला जात नव्हता, गढवालात मात्र पिढ्यानपिढ्या भूकंप ठाऊक होते. या जिल्ह्याच्या यमुनेकडच्या भागात दगडाच्या थरांमध्ये आडवे लाकडी वासे घालून बांधलेली कित्येक मजल्यांची जुनी घरे आहेत आणि ती अनेक धक्के सोसून उभी आहेत. लाकूड दुर्मीळ आणि महाग झाले तसे लोक साध्या दगडी घरांकडे आणि पुढे सिमेंटकडे वळले. आज नदीकाठाला आणि उताराला चिकटून उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली हॉटेलांकडे पाहताना मला काळजी वाटली, आणि ती काळजी तिथल्या लोकांनीही बोलून दाखवली. यात्रेकरूंना राहायला खोल्या हव्या असतात, सपाट जमीन फक्त नदीजवळ असते, आणि उपजीविकेचे दुसरे साधन फार थोड्यांकडे असते; हा पेच बाहेरून येऊन दोन शब्दांत सोडवण्यासारखा नाही.

नदीसुद्धा इथे पूर्णपणे मोकळी नाही. वर मनेरीला अडवलेले पाणी बोगद्यातून तिलोथच्या ९० मेगावॉटच्या वीजघरात येते, आणि जोशियाडाच्या बंधाऱ्यापासून पुन्हा बोगद्याने धरासूच्या ३०४ मेगावॉटच्या वीजघराकडे जाते. घाटावर बसलेल्या एका आजींनी गंगामाईचा पूर्वीचा आवाज आता सगळीकडे सारखा येत नाही असे म्हटले, तेव्हा त्यामागे हे बोगदे होते.

पुढच्या टप्प्यासाठी आम्ही गाडीने भुक्कीकडे निघालो. वाटेत गंगोरी लागते. असी गंगा तिथे भागीरथीला मिळते. ऑगस्ट २०१२ मध्ये तिला आलेल्या पुराने तिथला पूल वाहून नेला आणि वरच्या गावांचा रस्ता तुटला. भुक्कीपासून चालायला सुरुवात झाली ती दीनगाडच्या खोऱ्यातून, ओक आणि बुरांसच्या रानातून. तेल कॅम्प, गुज्जर हट आणि मग डोकरानी हिमनदीजवळचा तळ असे मुक्काम करत आम्ही चढलो. प्रत्येक मुक्कामाचे अंतर पाहिले तर आपल्याकडचा तयारीचा ट्रेकर ते अर्ध्या दिवसात सहज तोडेल. तरीही तिथे मुक्काम करायचा, दुपारी थोडे अधिक उंच जाऊन यायचे आणि झोपायला खाली परतायचे. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा नियम शरीराच्या सवयीसाठी आहे. डोके दुखणे, मळमळणे, भूक जाणे ही लक्षणे दिसली तर ती लगेच सांगायची आणि वाढली तर खाली उतरायचे. रोज संध्याकाळी सर प्रत्येकाला नाव घेऊन विचारत आणि उत्तर देणाऱ्याच्या ताटाकडेही पाहत. ज्याचे ताट भरलेलेच परत चालले आहे त्याच्याकडे त्या रात्री दोनदा चौकशी होई.

भूर्जाची झाडे विरळ झाली, गवत आखूड झाले आणि शेवटी दगडगोट्यांची ती राखाडी टेकाडे सुरू झाली. हिमनदीने वाहून आणलेला हा राडारोडा आहे आणि त्याखाली कित्येक ठिकाणी बर्फच आहे, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही. समोर द्रौपदी का डांडा आणि जौनलीची शिखरे होती. डोकरानीचा अभ्यास देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ १९९० च्या दशकापासून करत आले आहेत आणि त्यांच्या मोजणीनुसार १९९५ पासून तिचे मुख दरवर्षी १५ ते २० मीटर मागे सरकत आहे. आमच्या सरांनी स्वतः विद्यार्थी म्हणून आले तेव्हा बर्फ कुठवर होता ती जागा हाताने दाखवली. आता तिथे मोकळे दगड होते आणि तिथून बर्फापर्यंत बरेच चालावे लागले.

हिमनदीवरच्या शिक्षणात मला सर्वांत मोलाचा वाटला तो घसरण थांबवण्याचा सराव. उतारावर पाठीवर, पोटावर, डोके खाली करून अशा सगळ्या तऱ्हांनी मुद्दाम घसरायचे आणि आइस अ‍ॅक्सने स्वतःला रोखायचे. एका हाताने अ‍ॅक्सचे डोके धरून ते खांद्याजवळ आणायचे, दांडा छातीवरून तिरपा दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत घ्यायचा, टोक बर्फात रुतवून छातीचा सगळा भार त्यावर टाकायचा. आणि पायांत क्रॅम्पॉन असतील तर पाय गुडघ्यातून वर उचलून धरायचे, कारण क्रॅम्पॉनचे दाते अचानक रुतले तर माणूस उलटा फेकला जातो. हे वाचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत ते घडले पाहिजे. म्हणून ते पुन्हा पुन्हा, कपडे ओले होऊन अंगाला गोठेपर्यंत करून घेतात, आणि विचार करण्याआधी हात वळू लागले की मगच पुढे जाऊ देतात.

क्रॅम्पॉनचे सगळे दाते टेकवून चालणे, खड्या भिंतीवर पुढच्या दोन दात्यांवर उभे राहणे, बर्फात पायऱ्या कापणे, बर्फात पिळायचे स्क्रू आणि ठोकायचे पिकेट यांचे अँकर लावणे हे सर्व झाले. हिमभेगेत पडलेल्या जोडीदाराला बाहेर काढण्याच्या सरावात मात्र रोप म्हणजे काय ते खऱ्या अर्थाने कळले. एक जण भेगेत उतरवला जातो, उरलेले सगळे त्याच क्षणी बर्फावर पडून दोर रोखतात, मग एक जण अत्यंत सावकाश अँकर तयार करतो, भार त्यावर सोपवतो आणि कप्प्या लावून ओढायला सुरुवात होते. त्या वेळी आमच्या रोपमधले बंगालचे शिक्षक, जे तळावर सर्वांत कमी बोलत, ते दोराच्या शेवटी अँकर बांधत होते आणि बाकीचे आम्ही तोंडे बर्फात खुपसून पडलेलो होतो. “भार लिया,” असा त्यांचा आवाज येईपर्यंत कुणीही किंचितही हलले नाही. टेखल्यात गाठीवरून फिरणाऱ्या अंगठ्याचे कारण तेव्हा मला पुरते उमजले.

या खोऱ्याविषयी लिहिताना ४ ऑक्टोबर २०२२ चा उल्लेख टाळणे मला शक्य नाही. त्या दिवशी द्रौपदी का डांडा-२ या शिखराच्या वाटेवर संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २९ जणांवर काळाने घाला घातला. त्यांतल्या दोघांचा शोध लागला नाही. प्रशिक्षक सविता कंसवाल त्यांत होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू ही शिखरे सोळा दिवसांच्या अंतराने सर केली होती, आणि त्या याच जिल्ह्याच्या लौंथरू गावच्या कन्या होत्या. आमच्या हिमस्खलनाच्या तासाला सरांनी बर्फाचे थर, उताराचा कोन, नव्या बर्फानंतरचे आणि वाऱ्यानंतरचे दिवस, सकाळचा व दुपारचा फरक हे सर्व अतिशय शांतपणे समजावले. मग ते म्हणाले की हे सर्व ठाऊक असलेली माणसेही गेली आहेत, आणि आपण जे शिकतो त्याने धोका कमी होतो, संपत नाही. तंबूत बराच वेळ कुणी बोलले नाही. मला आजही वाटते की गिर्यारोहणाकडे केवळ जिद्दीचा खेळ म्हणून पाहणाऱ्या प्रत्येकाने तो तास ऐकायला हवा.

शेवटी उंची गाठण्याचा दिवस असतो, त्याला तिथे ‘हाइट गेन’ म्हणतात. अंधारातच निघून, दोराला बांधलेल्या तुकड्यांनी ठरलेल्या जागेपर्यंत चढायचे आणि ऊन चढण्याआधी परतायचे. आम्ही पोहोचलो, परतलो, आणि तो दिवस सुरळीत पार पडला यापलीकडे त्याविषयी सांगण्यासारखे फार नाही.

उत्तरकाशीत परतल्यावर लेखी परीक्षा झाली, साहित्य स्वच्छ करून मोजून परत दिले आणि समारंभात बिल्ले मिळाले. ‘ए’ श्रेणी मिळाली तर प्रगत अभ्यासक्रमाचे दार उघडते, म्हणून निकालाची उत्सुकता सर्वांना असते. श्रेणी ठरवताना केवळ चढाई पाहिली जात नाही. कोण आपल्या पाळीची भांडी घासतो, कोण थकलेल्याच्या सॅकमधले सामान न सांगता स्वतःकडे घेतो, याचीही नोंद प्रशिक्षक रोज करत असतात.

अभ्यासक्रम संपल्यावर मी काही दिवस तिथेच राहिलो आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी तसे जरूर करावे. रोपमधल्या गढवाली मित्राच्या घरी गेलो, तेव्हा त्याच्या आईंनी मंडुव्याची म्हणजे आपल्या नाचणीची भाकरी, गहत म्हणजे कुळथाची डाळ आणि भांगेच्या बियांची चटणी वाढली. “बेटा, तुम्हारे यहाँ भी यही खाते हैं?” असे त्यांनी विचारले, आणि आमच्या डोंगरातही नाचणी-कुळीथच पिकते हे ऐकून त्यांना फार आनंद झाला. गंगनानीचे गरम पाण्याचे झरे आणि हर्सिलची सफरचंदे व राजमा यांसाठी प्रसिद्ध असलेली दरी गंगोत्रीच्या वाटेवरच आहेत. हर्सिलजवळच्या धराली गावावर ५ ऑगस्ट २०२५ रोजी खीरगाड या नाल्याचा लोंढा आला आणि पाहता पाहता गावाचा बाजार मातीखाली गेला. त्या वेळी आपल्या पुणे जिल्ह्यातले यात्रेकरूही त्या भागात अडकले होते. या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने तिथल्या नाल्यांच्या तोंडाशी मुक्काम करताना स्थानिक लोकांना विचारल्याखेरीज खोली घेऊ नये.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. परतीच्या रेल्वेचे तिकीट अभ्यासक्रम संपल्याच्या दुसऱ्याच दिवसाचे काढू नये, कारण धरासूच्या अलीकडे किंवा पलीकडे दरड आली की रस्ता एक-दोन दिवस सहज बंद राहतो. बूट संस्थेकडून मिळत असले तरी रोजच्या चालण्याचे स्वतःचे बूट महिनाभर वापरून पायाला बसलेले असावेत. जाण्याआधी गाठींचा सराव घरी करावा, तोही हातमोजे घालून. आणि ऋषिकेशकडे जाणाऱ्या बस व जीप बसस्थानकावरून भल्या पहाटे सुटू लागतात. दुपारनंतर सुटणाऱ्या गाडीची वाट पाहू नये, दिवसाउजेडी चंबा ओलांडता येईल अशाच गाडीत बसावे.